चुकीपुरती जागा

सहा कॅसेटी, रबर वितळून एकमेकींना चिकटलेल्या.
पद्मव्वांनी दिल्या, तंबाखूच्या वासासकट.
"तुमच्याकडंच असू देत. आमच्यात आता कोण ऐकतंय."
जिनगोंडा मगदूम निपाणीच्या वखारीत काट्यावर असायचे
आणि रात्री तिथंच गायचे, बोदांच्या थप्प्यांमध्ये.
म्हणायचे, पोतं आवाज पितं, उगाच घुमवत नाही.
मी पेटीवर. अकरा वर्षं.

खडेबाजारात तौसिफ सनदीनं
काडेपेटीएवढा प्लेअर हातावर ठेवला.
"एमपीथ्री करून देतो की काका, हजार गाणी बसत्यात.
कानाला कळत नाही तेवढंच काढतंय ते."
कुणाच्या कानाला?
तो हसला. मागं गिऱ्हाईक होतं.
नमुन्याला एक कॅसेट करून दिली, चौथी.

घरी जेवण उरकून बसलो.
वेव्ह म्हणजे सगळं जसंच्या तसं, पण अंगानं जाड,
आणि गाणाऱ्याचं नाव नीट धरून ठेवत नाही.
ॲपलवाल्यांचं वेगळंच, ते या प्लेअरला चालत नाही.
राहिलं फ्लॅक.
ऋजुता धारवाडहून फोनवर समजावत होती:
"ते काही टाकत नाही, मामा.
मागच्यावरून पुढच्याचा अंदाज बांधतं,
आणि अंदाज जेवढा चुकला
तेवढी चूकच लिहून ठेवतं.
ऐकताना अंदाज आणि चूक पुन्हा जोडायची,
झालं मूळ गाणं, कणाचाही फरक नाही."

फोन ठेवला तरी हात कानापाशीच.
अगं, हेच तर करत होतो मी.
ते कुठं जाणार ते आधी ओळखायचं,
बोट तिथं नेऊन ठेवायचं,
आणि ते तिथं न येता अलीकडूनच वळले
की तेवढं वळण घेऊन घरी यायचं,
चढावर सायकल ढकलत.
बाकीचं लक्षात ठेवायला लागायचंच नाही.

दाबून बसवायच्या पायऱ्या शून्य ते आठ.
आठवर गाणं तेच राहतं, नुसता वेळ जास्त जातो.
आठ ठेवली. मला कुठं जायचंय.

आणि जागा सगळ्यात जास्त खाल्ली कशानं,
तर फितीच्या खरखरीनं.
तिचा अंदाज बांधता येत नाही,
म्हणून ती अख्खी लिहावी लागते.
मगदूमांचा तेवढा लांबलचक षड्ज
जवळजवळ फुकटात बसला.
तौसिफ खरखर पुसूनही देतो, बाजूला शंभर रुपये.
नको म्हटलं. तिच्यात वखारीचा पत्रा आहे,
हायवेवरचा ट्रक आहे, कुणाचा तरी अडकित्ता.

मग नावाचा रकाना आला.
मराठीत लिहिलं, पडद्यावर नुसते चौकोन.
ऋजुतानं कन्नडात लिहून पाठवलं, तरी चौकोनच.
एवढी वर्षं आपण पाट्यांवरून भांडलो,
या काडेपेटीला दोन्ही सारखंच येत नाही.
शेवटी इंग्रजी अक्षरांत बसवले मगदूम,
एक एम पुढं, एक मागं.
गावाचा रकाना भरला. राज्याचा नव्हताच, बरं झालं.

चौथी कॅसेट, दुसरी बाजू, एकतिसावं मिनिट.
तान संपता संपता ते माझ्याकडं वळतात,
ओठांतल्या ओठांत म्हणतात,
"हिंगल्ल."
असं नव्हे.
गायचे मराठीत, चिडायचे कन्नडात.
तौसिफच्या नमुन्यात त्या जागी
खरखरीत विरलेली एक फुंकर होती.
कानाला कळत नाही म्हणून काढलेली.
इथं स्वच्छ. ह वर थोडी धाप.

काल बसनं संकेश्वरला निघालो, प्लेअर खिशात.
हत्तरगीच्या नाक्यावर गाडी थांबली
आणि नेमकं ते आलं.
मांडीवरचं मधलं बोट
आपसूक एक पट्टी खाली सरकलं.
शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.