आधी बरा हात

आधी बरा हात.
उजवा दुखतोय म्हणून आलेल्या माणसाला
मी डावा वर करायला सांगते
आणि तो माझ्याकडे पाहतो
चुकीच्या माडावर चढवल्यासारखा.

शाबलो गावस, वय अठ्ठावन्न, मयेचा पाडेली.
मनगट मोडलं, हात तीन महिने झोळीत.
मनगट जुळलं, खांदा गोठला.
केसपेपरवर एवढंच. बाकीचं हाताला विचारायचं.

आता उजवा.
नव्वदच्या अलीकडेच खांदा कानाकडे पळतो,
कंबर कलते, मान मदतीला येते,
अख्खं अंग मिळून एका सांध्याची चोरी झाकतं.
मी त्याच्या फऱ्यावर पंजा ठेवते.
तू थांब. ह्याला बोलू दे.

प्रत्येक सांध्याचा शेवट वेगळा.
कोपर सरळ केलं की हाडावर हाड, खट्ट, संपलं.
गुडघा दुमडला की पोटरी मांडीत रुतते.
ह्याचा शेवट घुमटाच्या कातड्यासारखा,
दाबलं तर देतो, पण मोजून देतो.
आणखी एक असतो, रिकामा.
हाताला काहीच अडत नाही, माणूसच नको म्हणतो.
तिथे हात चालवायचा नाही. बांबोळीला पाठवायचं.

आधी काय येतं, कळ की अडथळा?
दोनदा विचारते.
"आदीं अडटा, मागीर दुखता."
बरं झालं. मग थोडं पुढे जाता येईल.

आमच्या मिनेझिस मॅडमनी वर्गात रगडा आणवला होता,
खरा, दगडी, चार पोरांनी उचललेला.
गुंड्याचं डोकं कललं इकडे, तर बूड सरकतं तिकडे.
म्हणून वर न जाणारा हात मी वर ओढत नाही.
दंडाचा गोळा पंजात घेते
आणि खाली लोटते, पायांच्या दिशेने.
पहिली प्रत इतकीशी, की बघणाऱ्याला वाटावं
बाई नुसतीच हात धरून उभी आहे.
दुसरी लांब, सैल, धक्क्याला बांधलेली होडी हलते तशी.
तिसरी कातड्यापर्यंत.
चौथी तिथेच, काठावर, बारीक बारीक.
पाचवी मला येते. करत नाही.

सेकंदाला दोनदा, अर्धा मिनिट.
मग पुन्हा मोजायचं.

सहाव्या आठवड्यात कोनमापक म्हणतो एकशे तीस.
मी खूश. तो नाही.
"बाय, वयर कोणाक जाय? फाटल्यान व्हर."
हात मागे नेतो, पुठ्ठ्यापाशी अडतो,
आणि तेव्हा कुठे मला कळतं
मी इतके दिवस आभाळ मोजत होते.
त्याचा कोयता पाठीमागे असतो, कमरेच्या आकडीत.
माडाला पाय आवळलेले, डावा खोडाला मिठी मारून,
उजवा मागे जातो, न बघता.

ह्या हाताने काय करायचंय?
फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न.
समोर माझं अक्षर, "रोजची कामं".

खोडून पुन्हा सुरुवात. आता गोळा पुढून मागे.

पावसाळा सरता सरता
त्याचा अंगठा कमरेच्या तिसऱ्या मणक्याला टेकला.
आकडी त्याच्याही खालीच असते.
त्या दिवशी टेबलावर एक नारळ.
मी घाबरूनच विचारलं, कोणी पाडला?
"पडिल्लो," म्हणाला,
आणि दाराबाहेर गेल्यावर हसला.

संध्याकाळी दवाखाना झाडून झाला
की मी माझे दोन्ही अंगठे समोर ठेवते.
आधी बरा.
बराच वेळ बघत बसते,
कोणता ते ठरत नाही.