अर्धी ओळ

पेरूच्या उजाड किनाऱ्यावर वाळू चाळायला
सातुर्निना येते, रोजंदारीवर,
तोंडाला फडकं बांधून.
आज वाळूतून वर आली वेताची टोपली:
चात्या, तपकिरी सुताचा गुंडा,
तळाशी विणकामाची घडी,
आणि निवडुंगाच्या काट्याची सुई,
धागा अजून ओवलेला.

धागा! दोन हजार वर्षं
कुणी ओढून घेतला नाही.

एलिओदोरो साहेबांनी वहीत लिहिलं:
विधीची वस्तू. स्त्री. वय अंदाजे तीस.
सातुर्निना उकिडवी बसली,
बोट न लावता ओळी मोजत गेली:
पक्षी, पक्षी, पक्षी,
चौथ्याला एकच पंख.

‘विधी कसला,’ ती म्हणाली,
‘इथे दोन घरं चुकली, बघा.
तिनं उसवलं. परत घेतलं.
मग कुणीतरी हाक मारली असणार.’

समुद्राकडून धुकं आलं, ताडपत्री ओढली.
साहेबांनी ‘विधी’ खोडलं नाही,
पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं,
बारीक.

संध्याकाळी ट्रकच्या मागच्या फळीवर
सातुर्निना विणत होती, लेकीचा मोजा.
उतरायचं गाव आलं
तेव्हा ओळ अर्धी होती.
तिनं ती पुरी केली.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.