नाव बरोबर ना?

खारीवाव रोडवर, गिरणीला लागून
सहा बाय सातचं दुकान माझं.
भाजणी, मेतकूट, नाचणीचं सत्त्व,
दिवाळीत अनारशाचं पीठ.
फळीवरच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला तो काळा चौकोन
मला अजून ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच दिसतो,
ठिपके काढून कुणी जोडायला विसरलेली.

गिऱ्हाईक फोन धरतं, मान वर करून विचारतं,
"उत्तम बाबूराव खानविलकर. बराबर ने, बेन?"
हो, म्हणते मी.
दिवसातून चाळीस वेळा हो म्हणते.

लग्नात हेच नाव घ्यायला
नणंदांनी उंबऱ्यात अडवलं होतं.
यमक जुळेना,
शेवटी सासूबाईंनीच कानात सांगितला उखाणा.
आता यमक लागत नाही.
गिऱ्हाइकं नाव घेतात, मी नुसती मान हलवते,
आणि पैसे घरी पोचतात माझ्या आधी.

पेटी ओरडते: एकशे ऐंशी रुपिया मळ्या.
समोरच्या पानाच्या गल्ल्यावर ऐकू जातं.
तिथे बाकावर हे.
रात्री आमटी वाढताना आकडा तोंडपाठ असतो यांना,
"आज तेवीसशे झाले ना?"
झाले.
हरभरा डाळ महागली, गिरणीवाल्याचे गेले, पिशव्यांचे गेले,
ते कुठली पेटी बोलते?

पूर्वी फार बरं होतं असं नाही म्हणत.
पण मेतकुटाच्या डब्यात, तळाशी,
कागदात गुंडाळलेल्या दहा-वीसच्या नोटा असायच्या
हिंगाचा वास लागलेल्या.
धाकटीची दहावीची फी त्यातून गेली,
आईच्या मोतीबिंदूचे चार हजारही.
कुठून आले, कुणी विचारलं नाही.
नोट ओरडत नाही.

म्हणून गेले बँकेत, रावपुऱ्याला.
अंगठा ठेवा.
ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवा. ओला करून ठेवा. दुसरा ठेवा.
बावीस वर्षं कढईपाशी
माझ्या बोटांच्या रेषा भाजणीतच भाजल्या गेल्या,
अर्ध्या बडोद्यानं खाल्ल्या असतील चकलीतून.
हे कसं सांगायचं त्या पोराला!
पोरगा भला. म्हणाला, मावशी, सोमवारी या.
सोमवारी दुकानाला कुलूप म्हणजे घरात चौकशी,
तर सांगितलं, धणे बघायला जाते मार्केटात.
एकदा धणे, एकदा तीळ,
तिसऱ्यांदा खोटं सुचेना, पण गेले.

आधारावर नाव माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं.
तुम्ही नक्की कोण, असं नाही विचारलं त्यानं,
दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून
नुसता बघत राहिला.

चौथ्या खेपेला डोळ्यासमोर यंत्र धरलं.
पापणी लवू देऊ नका, मावशी.
नाही लवू दिली.
हिरवा.

आता पुठ्ठ्याच्या पाठीमागे दुसरा चौकोन आहे.
पावशेरवाली, ओळखीची बाई आली
की मी पुठ्ठा उलटा करते.
याची पेटी घेतली नाही. देत होते, नको म्हटलं.
माझा बटणांचा फोन कमरेला खोचलेला,
तो एकदाच थरथरतो.
चाळीस. साठ. कधी नव्वद.
किलो-दोन किलोवाल्यांचे जातात आपले सुलट बाजूनं,
गाजावाजा करत, घरी.

काल पाटणकरांची सून थबकली, फोन हातात.
"हंसा गणपत दळवी…
ह्या कोण हो?"

तेहतीस वर्षांत त्या नावानं
कुणी हाक मारली नव्हती.
उत्तर द्यायला वेळ लागला मला.
पलीकडे हे पानाला चुना लावत होते.
मी पिशवीला गाठ मारली, म्हटलं,
"करा तुम्ही.
पोचतात तिला."