डाव्या हाताचं काय

यास्ना दात पोचवते.
हसू नका. डोंगरावरच्या लॅबमधून
प्लास्टरचे जबडे, मापाच्या कवळ्या
टॉवेलात गुंडाळून, पाठीवर टाकून
खाली बंदरालगतच्या दवाखान्यांत.
तिच्या सायकलला गिअर एकच, तोही पक्का:
चाक फिरतं तोवर पाय फिरणार,
मध्येच पाय सैल सोडून
शीळ घालायची सोय नाही.

"ब्रेक कशाला? पाय आहेत की,"
म्हणाली होती सप्टेंबरात.
मी गप्प. इथे त्रिएस्तेत
शहाणपण शिकवायचं काम वाऱ्याकडे आहे,
आम्हा मेकॅनिकांकडे नाही.

नोव्हेंबरात बोरा उतरला.
त्यानं ओळीनं स्कूटरी निजवल्या,
आणि ओपिचिनाच्या उतारावर यास्नाला
पाववाल्याच्या टेम्पोपर्यंत नेऊन सोडलं.
तिला खरचटलं. कवळ्या सहा गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारात.
"स्योर नेव्यो, एक बसवा. एकच. पुढचा."

एकच तर एकच.
मागचं चाक तिच्या मांड्यांचं आहे,
त्यात मी पडत नाही.

पुठ्ठ्यावर तिचा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली.
एवढासा.
माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात लिव्हर आहेत,
बरेचसे जोडीदार हरवलेले.
तिनं उचलला तो देखणा, भोकं भोकं पाडलेला,
कुणा धिप्पाड शर्यतवाल्याचा.
धरून बघ म्हटलं.
बोटाचं शेवटचं पेर टोकाला जेमतेम शिवलं.
देखणा परत डब्यात.
हा घे. आखूड, बसक्या नाकाचा,
पोरासोरांचा म्हणून कुणी नेला नाही.
दोन बोटांत येतो.

हँडल बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं.
खालच्या नळीला फूटपट्टी टेकवली,
लिव्हरचं टोक पट्टीला लागेल तिथे पट्टा आवळला.
ही पुस्तकातली जागा.
मग म्हटलं, बस. डोळे मीट.
हात जातील तिथे जाऊ दे.

गेले. पुस्तकाच्या बोटभर वर.
तिथे खडूची खूण.

"उजवीकडेच का?"
डावा हात वळताना दाखवायला लागतो.
आणि माझ्या मास्तरानं मला असंच शिकवलं,
त्याला मी विचारलं नव्हतं.

"मग डाव्या हाताचं काय?"

हा प्रश्न चांगला होता.
चढावर उभं राहून पेडल मारताना
एका हाताला मूठ, दुसऱ्याला नुसती नळी
असं झालं की खांदा तिरपा होतो,
रात्री मान बोलते.
म्हणून डावीकडे दुसरा लिव्हर लावला,
रंगानं वेगळा, उंचीनं तोच.
त्याला केबल नाही. मुका.
दाबला की खुळखुळायचा,
आत चिंधी कोंबली.
हा फक्त धरायला, सांगितलं तिला. दोनदा.
टेप आज नाही. आठवडाभर उघडंच चालव,
काय खुपतं ते येऊन सांग.

आली. काही खुपत नाही, म्हणाली.
मग नखं बघत,
"उतारावर मी दोन्ही दाबते.
डाव्यात काही नाही, माहीत आहे.
तरी तोच जास्त जोरात."

सगळेच दाबतात, म्हटलं,
आणि टेप गुंडाळायला घेतली,
खालून वर, प्रत्येक वेढा अर्ध्यावर चढवत,
ओढून.

तिला सांगितलं नाही ते असं:
रविवारी जावई मला मोटारीतून फिरवतो,
किनाऱ्याच्या रस्त्यानं, बरा चालवतो.
मी त्याच्या शेजारी.
वळण आलं की माझा उजवा पाय
रबरी मॅटवर रुततो.
तिथे आता भोक पडलंय.
त्यानं एकदा विचारलं, हे कशानं?

मॅट जुनी आहे, म्हटलं.