कालवीण, आवृत्ती नववी

बिर्जे मास्तरांनी तिला आधी
ड्रॉइंगच्या वहीत काढलं:
ओहोटीला कालवं फोडणारी बाई,
गुडघ्यावर खोचलेला काष्टा, हातात कोयती,
आणि खडकाला कान लावला की
बुडणारी होडी जिला ऐकू येते.

आता ती माझ्या स्क्रीनवर असते, आचऱ्यात,
वीज असेल तेव्हा.

गेल्या दिवाळीत कुठलासा काळोखा सिनेमा चालला.
साहेब फोनवर म्हणाले, हसू काढा, रात्र करा.
मी रात्र केली.
फेब्रुवारीत एक विनोदी चालला.
म्हणाले, सोबतीला बोलणारा खेकडा द्या,
खेकड्याची खेळणी खपतात.
दिला.
कोयतीतून आता निळा उजेड निघतो.
काष्टा गेला, तो म्हणे परदेशात कळत नाही.

मास्तरांना दाखवलं.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "कुर्ली बरी काढलंस."

डाव्या अंगठ्यावरची चीर तेवढी
मी प्रत्येक फ्रेममध्ये ठेवलीय,
कालवाच्या कडेने कापलेली.
दोनेक पिक्सेलची असेल.
अजून कुणी पुसायला सांगितलेली नाही.

शुक्रवारी पुन्हा एक सिनेमा लागतोय.