खोटा दाणा

कारखाना भाड्यानं गेला त्या आठवड्यात
पुण्याहून एक तक्ता आला:
नाव, हुद्दा, वय, शिक्षण,
आवश्यक की अतिरिक्त.

चीफ इंजिनिअर हवालदार तोवर युगांडाला पोचले होते.
शेती अधिकारी चौगले जयसिंगपुरात ठिबकच्या नळ्या विकत होते;
कुठल्या शिवारातला ऊस कधी तोडायचा
ते त्यांच्या डोक्यात होतं, वहीत नव्हतं.

उरले आदगोंडा मगदूम, पॅन इनचार्ज, सत्तावन्न, नववी.
अकरा महिने पगार नाही, आणि एक शिफ्ट चुकलेली नाही.
त्याला रकाना नव्हता.
टाइम ऑफिसात बसून मी लिहिलं,
अतिरिक्त.

मोळी पडली, फोटो निघाले.
सतराव्या रात्री तीन नंबरच्या पॅनला दाणा धरेना.
स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे
आणि काचपट्टीवर नुसती धूळ.
सव्वादोनला साहेब म्हणाले,
तुमच्याकडं त्यांचा नंबर असेल.

होता.

नांदणीहून ते लुनावर आले, मफलर बांधून.
स्क्रीनकडं बघितलं नाही.
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा
तसा पॅनवर हात ठेवला.
मग खिशातून स्वतःची काचपट्टी काढली,
(स्वतःची कसली, स्टोअरचीच, एकोणीस वर्षांपूर्वीची)
पाक अंगठ्यानं ओढून बघितला.
"खोटा दाणा हाय. पाणी द्या, इरघळू दे सगळा.
भूक लागायच्या आधी वाढलंसा."
आता किती वेळ?
"त्यो सांगंल."

पहाटेपर्यंत कुणी बोललं नाही.
वाफेत उभे होतो, इंजिनिअर, मी, दोन नवी पोरं.
मग काचेवर रवा उमटला,
एकसारखा, उजेडाला धरला तर टोचणारा.

साहेब खूश. म्हणाले, हे सगळं लिहून घ्या,
मॅन्युअल करू, रात्रीमागं मानधन देऊ.
मी कागद घेतला.
"लिवा," आण्णा म्हणाले, "अंगठ्याला जवा..."
आणि स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिले,
कुणी दुसऱ्याचा असावा तसं.
माझ्या कागदावर अजून तेवढंच आहे.

गेटवर लुना चालू करता करता विचारलं,
"थकबाकीचं कुठवर आलंय?"
त्याचाही तक्ता आहे, मी म्हणालो.
ते गेले. चिमणीचा धूर पंचगंगेकडं कलला होता.

मार्चअखेर स्टोअर मोजलं तेव्हा
एक काचपट्टी कमी भरली.
मी लिहिलं,
फुटली.