खिडकीची मूठ

"टिकते का?" प्रत्येक जण हेच विचारतो,
स्थळ बघायला आल्यासारखा
बॉनेटवर दोनदा टिचकी, मग टायरला एक लाथ.
मी टानिमू. कादुनाच्या कारखान्यात अकरा वर्षं
पुढच्या काचा बसवल्या.
रबराची कड, साबणाचं पाणी,
खोबणीतली दोरी हळूहळू ओढत न्यायची
आणि काच आपल्या जागी बसताना
ओठ मिटल्यासारखा जो एक आवाज होतो,
त्याने अजून कधीकधी जाग येते मला.

फ्रान्सातून लाकडी पेट्यांत यायची ती, सुटी सुटी.
पाच-शून्य-चार.
जाळीवर सिंह.
आन्सेल्म फोरमन सांगायचा, हे घराणं मूळचं करवतवाल्यांचं,
सिंह म्हणजे करवतीचे दात.
मग कॉफी दळायची यंत्रं, मिरी दळायची, सायकली,
आणि मग मोटारी.
आम्ही हसलो होतो.
म्हणजे ही मिरपुडीची धाकटी बहीण!

हाजिया असाबे, मुख्याध्यापिका.
सरकारी कर्जावर घेतलेली, दर महिन्याला पगारातून कापून.
एकोणीस वर्षांत क्लच दोनदा,
आणि एक आरसा, तोही बोकडाने फोडला.
"माझ्या शाळेत एवढी हजेरी," ती म्हणाली,
"कुणाचीच नाही. माझीही नाही."

इओरहेमेनची लांब पाठीची, मकुर्डीहून येणारी.
बसायची सोय सातांची, हा बसवायचा अकरा,
टपावर कोनफळांची पोती.
आकडे मोजणारं मीटर थकून थांबलं,
इंजिनाला ते कळलंच नाही.
हेड गॅसकेट एकदाच उडालं, लाफियाच्या अलीकडे.
दोन रात्री रस्त्याकडेला. टपावरची कोनफळं भाजून खाल्ली.
तिसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा
दोन उतारू एकमेकांचे व्याही ठरले होते.
हे बिघाडात धरायचं की नाही, तुम्हीच सांगा.

वकील ओकवुदिलींना मात्र ती डोळ्यांसमोर नको.
वर्षात तीन पाण्याचे पंप.
कंपनीला पत्रं लिहिली त्यांनी, कार्बन प्रती जपून ठेवल्या,
माझ्या बाकावर आपटल्या.
मी पंपाचं खोकं उचलून उजेडात धरलं.
सिंहाचं तोंड उजवीकडे होतं.
आमचा सिंह डावीकडे बघतो, वकीलसाहेब,
हा बाजारातला.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
पण गाडी विकलीच. रागाला
खरं कारण सापडलं तरी तो कुठे उतरतो?

मग एका सोमवारी पेट्या आल्या नाहीत.
पुढच्या सोमवारीही.
पट्टा आधी अर्धा दिवस चालायचा, मग आठवड्यातून दोनदा,
मग आम्ही नुसते जाऊन बसायचो, डबे घेऊन,
माझ्या हातात दोरी, समोर काच नाही.

आता गॅरेज आहे. मुलगा येतो कुणाचा तरी,
नवी गाडी, परदेशी, पडद्यावर पिवळा दिवा.
काय दुखतंय ते ती फक्त संगणकाला सांगते.
मी कान लावतो. ती गप्प.
वाईट नाही ती. माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

आन्सेल्म जाताना मला कॉफीचं यंत्र देऊन गेला,
लाकडी, छोट्या खणाचं, पितळी पट्टीवर तोच सिंह.
आमच्या घरात कॉफी पीत नाहीत.
लाडी त्यात सुकी मिरची दळते, छत्तीस वर्षं झाली.
टिकलं का? टिकलं.
पण मूठ तिसऱ्याच वर्षी तुटली, खोटं कशाला बोलू.
भंगारातल्या एका पाच-शून्य-चारच्या दाराची,
काच वर-खाली करायची मूठ मी तिथे बसवली.
थोडी लांब आहे. खणाला घासते.

संध्याकाळी मिरचीचा खाट उठतो, दोघंही खोकतो,
मी म्हणतो, "लाडी, काच खाली घे जरा,"
आणि ती, डोळे पुसत,
दोन वेढे
उलटे फिरवते.